आजींनी कॅप्सूल गिळली आणि मी शिकले

मी सातारा जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दम्याचे पेशंट भरपूर, त्यात ऊसतोड सुरू झाली आणि शेतात पाचट पेटवायला लागले की धाप लागलेली माणसं वाढतातच. सुरुवातीला मी प्रत्येकाला अगदी मन लावून समजावून सांगायचे आणि शेवटी विचारायचे, कळलं ना? सगळे हो म्हणायचे. मॅडमला नाही कोण म्हणणार!

मग एक आजी आल्या, दोन महिने औषध चालू तरी रात्रीचा खोकला तसाच आणि छाती वाजतीये. म्हटलं कसं घेता ते दाखवा बरं. त्यांनी रोटाकॅप काढली, म्हणजे आतली पावडर श्वासातून ओढायची असते ती कॅप्सूल, तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. "तुमीच म्हनला न्हवं, सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल घ्या." ती पावडर ओढायचं यंत्र, रोटाहेलर, नातवाकडं, खेळायला. काय बोलणार, म्हटलं तर होतंच मी तसं.

तेव्हापासून बोलणं कमी केलं, समोर करूनच घेते. आजींनी पहिल्या वेळी रोटाहेलरमध्ये जोरात फुंकलं, सगळी पावडर माझ्या अंगावर. दुसऱ्यांदा आधी श्वास बाहेर सोडून मग जोरात आत ओढलं, कॅप्सूल आत खुळखुळली, मी बोटांवर १० मोजेपर्यंत श्वास धरला आणि म्हणाल्या, गोड लागतंय की! पावडरीत लॅक्टोज असतं त्याची ती चव. मग खळखळून चूळ, कारण त्यात स्टिरॉइड असतं, चूळ नाही भरली तर तोंडात पांढरी बुरशी धरते. फवाऱ्याच्या पंपाचं याच्या उलट, तिथं सावकाश ओढायचं, त्यामुळं दोन्ही असलेल्यांचा हमखास गोंधळ होतो, त्यांना मी पंपाला स्पेसरच (फवारा आधी ज्यात जमा होतो ती नळी) लावायला लावते.

"पंपाची सवय लागते" हे तर रोजचंच. त्यावर मी हिशोबच मांडते, साल्ब्युटामॉलची, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका गोळीत ४० फवारे. गोळी बिनधास्त गिळणारे लोक फवाऱ्याला घाबरतात, कमाल आहे.

आजींचा खोकला पुष्कळ कमी आहे आता. परवा म्हटलं पुन्हा एकदा करून दाखवा, तर रोटाहेलर पिशवीतनं काढला आणि आतनं मिसरी सांडली, डबी उघडी राहिलेली. धुऊन दिला, पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका म्हणून तीनदा सांगितलं, आणि मिसरीची डबी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली. त्याचा राग अजून गेला नाहीये त्यांचा.