पोकरचा सराव नेमका कोणत्या टेबलावर करावा?

पोकर शिकू पाहणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा असा मिळतो की, आधी महिनाभर फुकटच्या चिपांवर खेळावे आणि मग खऱ्या पैशांकडे वळावे. मी तो सल्ला अक्षरशः पाळला होता, आणि त्या महिन्यात मला जे येऊ लागले त्यापेक्षा जे अंगवळणी पडले ते विसरण्यासच अधिक काळ लागला. म्हणून थोडक्या पैशांवर किंवा पैशांशिवाय ऑनलाइन सराव कुठे करावा, असे मला कोणी विचारले, तर मी संकेतस्थळांच्या नावांपेक्षा टेबलाच्या प्रकाराबद्दल आधी बोलतो.

फुकटच्या चिपांची टेबले शोधावी लागत नाहीत. २००७ पासून चालू असलेले झिंगा पोकर, केवळ खोट्या चिपांवरच चालणारे रिप्ले पोकर, पोकरस्टार्सवरील खोट्या पैशांचा विभाग, अशी अनेक ठिकाणे आहेत. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराची यांत्रिक बाजू तेथे चांगली पक्की होते. हातात दोन पाने, टेबलावर आधी तीन, मग एक (टर्न), मग शेवटचे एक (रिव्हर). बोली कोणापासून सुरू होते, ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम, कोणी भरायची, आणि सात पानांतून आपली सर्वोत्तम पाच कोणती, हे सारे आठवडाभरात डोळ्यांना सवयीचे होते. टेबलावर बदामची चार पाने आलेली असताना, म्हणजे कोणाकडे तरी वरचढ फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) असू शकत असताना, आपल्या स्ट्रेटवर (ओळीने लागणारी पाच पाने) खूश होण्याची चूक जिथे काही किंमत मोजावी लागत नाही तिथेच करून घेतलेली बरी.

अडचण पुढे सुरू होते. चिपा संपल्या की काही तासांत पुन्हा मिळतात, त्यामुळे पान टाकून देण्याचे कारणच कोणाला उरत नाही. हातात एक्क्यांची जोडी असताना समोर एकच खेळाडू कोणतीही दोन पाने घेऊन शेवटपर्यंत राहिला, तर आपण सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतो; तसेच पाच जण शेवटपर्यंत राहिले, तर हेच प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास येते. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हाती येते, आणि ती आल्यावर अर्ध्याहून अधिक वेळा हरणारा नवखा खेळाडू असा निष्कर्ष काढतो की हा सगळा नशिबाचाच खेळ आहे. ब्लफचे, म्हणजे कमकुवत पानांवर मोठी रक्कम लावून समोरच्याला पाने टाकायला लावण्याचेही तेच. समोरचा पाने टाकतच नसेल, तर ब्लफ हा शब्द केवळ ऐकण्यापुरता उरतो. त्या महिन्यात मी एकदाही यशस्वी ब्लफ केला नाही, आणि ‘बघू तरी काय येते’ म्हणून कॉल करण्याची, म्हणजे समोरच्याने लावली तेवढी रक्कम भरून डावात राहण्याची खोड मात्र घट्ट लावून घेतली.

म्हणून माझ्या मते नवख्याने बसावे ते चिपा संपल्या की खेळ संपतो अशा टेबलावर, म्हणजे स्पर्धेत. खोट्या चिपांचे सहा किंवा नऊ जणांचे सिट-अँड-गो, म्हणजे जागा भरल्या की सुरू होणारी छोटी स्पर्धा, सहज उपलब्ध असते. ते साधारण तासाभरात आटोपते, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते. एवढ्याशा गैरसोयीनेही माणसे बरीच शहाण्यासारखी खेळू लागतात. त्याहून चांगला सराव फ्रीरोलमध्ये होतो. प्रवेशशुल्क नसते, बक्षीस मात्र खरे, बहुधा अगदी किरकोळ असते. पहिला अर्धा तास शुद्ध गोंधळाचा जातो आणि तो हात बांधून बसून काढावा लागतो. परंतु निम्मे खेळाडू गळाल्यानंतर जो खेळ उरतो, तो पुष्कळ अंशी खरा पोकर असतो.

नॉर्वेची पोकर खेळाडू आनेट ओब्रेस्टाड हिने याच वाटेने सुरुवात केली. आपण स्वतःच्या खिशातून कधी पैसे भरलेच नाहीत, फ्रीरोलमध्ये मिळालेल्या रकमेवरच पुढे गेलो, असे तिने सांगितले आहे. २००७ मध्ये लंडनला झालेली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा तिने वयाच्या १८ व्या वर्षी जिंकली. तिची दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते: १८० जणांची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा तिने स्वतःची पाने झाकून ठेवून खेळली, ती केवळ एकदाच पाहिली, आणि तरीही जिंकली. आपण कोणत्या जागी बसलो आहोत आणि समोरचे कसे वागत आहेत, एवढ्यावरच ती खेळत होती. मीही खोट्या चिपांच्या एका सिट-अँड-गोमध्ये पानांवर कागदाचा तुकडा चिकटवून हा प्रयोग केला. सातवा आलो, पण कोण कोणत्या जागेवरून रेज करतो, म्हणजे बोली वाढवतो, याकडे माझे आयुष्यात प्रथमच लक्ष गेले.

ओळखीची चार-सहा माणसे असतील तर खासगी टेबल सर्वांत उत्तम. पोकर नाऊसारख्या ठिकाणी ब्राउझरमध्येच टेबल मांडून त्याचा दुवा सर्वांना पाठवता येतो, आणि पैशांचा संबंध येत नाही. डाव संपल्यावर ‘तू तिथे कॉल का केलास?’ असे विचारता येते, हे परक्यांच्या टेबलावर कधीच शक्य नसते. एकट्यालाच खेळायचे असेल तर पोकरटीएच हा मुक्त स्रोत कार्यक्रम संगणकाचे खेळाडू पुरवतो. ते फार हुशार नाहीत, पण टेबलावर विचार करायला हवा तितका वेळ मिळतो, आणि आकडेमोड हाताला लावून घेण्यास तेच हवे असते. उदाहरणार्थ, टर्न आल्यावर पॉट, म्हणजे मधोमध जमलेली रक्कम, ६० चा आहे, समोरच्याने ३० लावले आहेत, आणि आपल्याला फ्लशसाठी एक पान हवे आहे. ९० मिळवण्यासाठी ३० मोजायचे, म्हणजे किमान २५ टक्के संधी हवी. न दिसलेल्या ४६ पानांत आपल्या उपयोगाची ९, म्हणजे संधी २० टक्क्यांहून किंचित कमीच. रिव्हरनंतर आणखी रक्कम निघण्याची खात्री नसेल तर पाने टाकावीत. हा हिशेब दहा सेकंदांत होऊ लागेपर्यंत पैसे लावण्याची घाई कशाला करावी, हे मला समजत नाही.

खऱ्या पैशांचे सर्वांत खालचे टेबल १ आणि २ सेंटच्या ब्लाइंडचे असते. १०० मोठे (म्हणजे २ सेंटचे) ब्लाइंड घेऊन बसायचे म्हणजे २ डॉलर. तिथे बसण्यापूर्वी आपण जिथे राहतो तिथला कायदा पाहणे अपरिहार्य आहे. अनेक ठिकाणी पैशांवर ऑनलाइन खेळण्यास बंदी आहे, काही ठिकाणी केवळ परवानाधारक संकेतस्थळांना मुभा आहे, आणि वयाची अट कुठे १८ तर कुठे २१ आहे. बंदी असेल तर वर सांगितलेले सर्व मार्ग पुरेसे आहेत. मुभा असली तरी या टेबलावर कमाई होईल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण प्रत्येक पॉटमधून संकेतस्थळ आपला वाटा, म्हणजे रेक, कापून घेते. तो ५ टक्के धरला, तर १ डॉलरच्या पॉटमागे ५ सेंट, म्हणजे अडीच मोठे ब्लाइंड गेले. म्हणून मी या २ डॉलरांकडे शिकवणीची फी म्हणून पाहतो.

रक्कम कशी राखावी याचे सर्वांत प्रसिद्ध प्रात्यक्षिक व्यावसायिक खेळाडू ख्रिस फर्ग्युसनने फुल टिल्ट या पोकर संकेतस्थळावर केले. २००६ मध्ये शून्यापासून, म्हणजे फ्रीरोलपासून, सुरुवात करून त्याने सुमारे दीड वर्षात १०,००० डॉलर गाठले. त्यातले कित्येक महिने तो काही डॉलरांच्या आसपासच घुटमळत होता. कोणत्याही साध्या टेबलावर किंवा सिट-अँड-गोमध्ये एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक न्यायचे नाही, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून अधिक नाही, आणि टेबलावरची आपली रक्कम एकूण रकमेच्या १० टक्क्यांवर गेली की ब्लाइंड येण्याआधी उठायचे, असे त्याचे नियम होते. अगदी तळाच्या टेबलांपुरती त्याने थोडी सूट ठेवली होती. तिसरा नियम मला सर्वांत कठीण गेला, कारण जिंकत असताना उठणे कोणाला आवडते?

या कथेचा उत्तरार्धही नवख्याने ठाऊक ठेवावा. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली, आणि फुल टिल्टने खेळाडूंच्या ठेवी वेगळ्या राखलेल्याच नव्हत्या, हे त्यानंतर उघडकीस आले. अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू होण्यास २०१४ उजाडले. तेव्हापासून मी कोणत्याही संकेतस्थळाची माहिती वाचताना परवाना कोणाचा आणि खेळाडूंची रक्कम वेगळ्या खात्यात असते का, या दोन ओळी प्रथम शोधतो. बोनसची जाहिरात त्यानंतर, तीही वेळ असल्यास.