झोप कमी, तरी एकदम फ्रेश?

सायकियाट्रिस्टकडे पहिल्यांदा जाऊन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली, की डॉक्टरांनी काही तपासलंच नाही, नुसते प्रश्न विचारत बसले आणि टेस्ट कसल्या लिहून दिल्या तर थायरॉइड नि बी-१२. आता थायरॉइड कमी पडलं की माणूस डिप्रेशन आल्यासारखाच सुस्त आणि उदास होऊ शकतो, म्हणून ते आधी बघावं लागतं. पण डिप्रेशन दाखवणारी ब्लड टेस्ट अजून नाहीये, त्यामुळे बोलणं हीच मेन तपासणी.

डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, डिप्रेशनची नऊ लक्षणं दिलीयेत, त्यातली किमान ५ सलग २ आठवडे हवीत, आणि उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक तरी पाहिजेच. वाचून वाटतं हे तर घरीच टिक करता येईल (करतातही लोक, आणि स्वतःला लेबल लावून मोकळे होतात, असो).

पण यादी पूर्ण भरली तरी ते बायपोलर (कधी खचणं, तर कधी भलताच चढलेला मूड, असा आजार) असू शकतं! कारण माणूस डॉक्टरकडे जातो तो खचल्यावर, उलट जेव्हा तीन-चार तास झोपूनही फ्रेश वाटतं, डोक्यात प्लॅनवर प्लॅन चालू असतात, पैसे सुटतात हातातून, तेव्हा त्याला वाटतं आपण आत्ता कुठे नॉर्मल झालो, मग तो कशाला जाईल? हायपोमेनिया, म्हणजे चढलेल्या मूडचा सौम्य प्रकार, म्हणायला असे सलग ४ दिवसही पुरतात, आणि ते पेशंटच्या नाही तर घरच्यांच्या लक्षात राहतात, म्हणून डॉक्टर त्यांनाही आत बोलवतात. हे सुटलं आणि नुसत्या अँटीडिप्रेसंट सुरू झाल्या तर काही जण थेट मेनियात, म्हणजे चढलेल्या मूडच्या तीव्र टोकाला, जातात.

बायपोलरला लिथियम अजूनही दिलं जातं, जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवला होता. औषध भारी, पण डोस जरा वर गेला की विषारी, म्हणून रक्तातली लेव्हल, किडनी आणि परत ते थायरॉइड, सगळं बघत राहावं लागतं.

काही वर्षांनी डायग्नोसिस बदललं की लोक आधीच्या डॉक्टरला नावं ठेवतात. मला हे पटत नाही, कारण बऱ्याचदा पहिल्या वेळी मेनिया आलेलाच नसतो, मग तो दिसणार कुठून?