तिसऱ्यानं पाडलं का हो?

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दूध संस्थांचे अहवाल, आणि निवडणूक लागली की हँडबिलं. निकालानंतर उरलेलं बिल द्यायला पडलेल्या उमेदवाराची माणसं येतात (निवडून आलेल्यांची येतातच असं नाही) आणि चहा संपेपर्यंत एकच विचारतात, "काका, तो तिसरा उभा नसता तर आपला आला असता नव्हं?" मी आजवर मान हलवून बिल वसूल केलं. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

हातकणंगले लोकसभा घ्या. 2024 ला धैर्यशील माने 13,426 मतांनी आले, सत्यजित पाटील सरूडकर पडले आणि तिसऱ्या नंबरच्या, ऊसदरासाठी लढणाऱ्या राजू शेट्टींना पावणेदोन लाखांच्या वर मतं पडली. शेट्टींनी ठाकरेंच्या शिवसेनेच्या मशाल चिन्हावर लढावं असा आग्रह होता. त्यांना नुसता पाठिंबा हवा होता. जमलं नाही, मग ते स्वबळावर उतरले. आता त्याआधीची निवडणूक आठवा. 2019 ला हेच शेट्टी मान्यांकडून 96,039 नी पडले होते आणि वंचितच्या उमेदवाराला 1 लाख 23 हजारांच्या वर मतं होती. तेव्हा शेट्टींची पोरं टपरीवर वंचितच्या नावानं बोटं मोडत होती. पाच वर्षांनी त्याच टपरीवर सरूडकरांची पोरं शेट्टींच्या नावानं.

दोन्ही वेळा तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजतात. मी एकदा बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब केला. 2024 ला शेट्टींची मतं बाकीच्या दोघांत वाटली असती आणि शंभरातली 54 सरूडकरांकडे, 46 मान्यांकडे गेली असती, तरी निकाल फिरला असता. 2019 ला मात्र वंचितच्या शंभर मतांतली 89 शेट्टींकडेच जायला हवी होती, आणि तीही एक माणूस घरी न बसता. म्हणजे 2024 ला तिसऱ्याला बोल लावायला जागा आहे, 2019 ला ते नुसतं मनाचं समाधान.

आणि 54 टक्के तरी गेली असती का? शिरोळकडचा, ऊसदराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला शेतकरी दोन्ही बाजूला कारखानदारच बघतो. त्याचा माणूस यादीत नसता तर तो दुसऱ्या कुणाला मत द्यायला गेला असता, की उसाला पाणी पाजत बसला असता?

बेरजेची सवय मोडायची तर कागल विधानसभेकडं बघावं. 2019 ला हसन मुश्रीफ 28,133 नी आले. दुसऱ्या नंबरला अपक्ष समरजितसिंह घाटगे, तिसरे शिवसेनेचे संजयबाबा घाटगे, मतं 55 हजारांच्या वर. 2024 ला संजयबाबा उभे राहिले नाहीत, उलट मुश्रीफांच्या पाठीशी गेले. कागदावरची बेरीज करा: 28 आणि 55, म्हणजे 83 हजारांचं लीड. प्रत्यक्षात मुश्रीफ आले 11,581 नी. तिसरा हटला, वर पाठिंबाही देऊन गेला, आणि फरक वाढायच्या ऐवजी निम्म्याच्या खाली आला.

असं का होतं हे आपल्याकडच्या माणसाला समजावं लागू नये. आपल्याकडं पक्ष नंतर, गट आधी. गटाच्या आधी भावकी, आणि त्याच्याही आधी पैरा. मी तुझ्या रानात दोन दिवस बैल दिले, तू माझ्या रानात दोन दिवस दे. राजकारणातही तेच चालतं. सोसायटीच्या निवडणुकीला मी तुला मदत केली, गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीला तू मला कर. नेता पैरा फेडायला सांगतो, पण ज्याच्याशी वीस वर्षं बांधावरनं भांडण आहे त्याच्या चिन्हासमोर बटण दाबायला कार्यकर्त्याचं बोट वळत नाही. नेत्याचा पाठिंबा जाहीर होतो आणि मतं गपगुमान दुसरीकडं जातात.

शिवाय तिसरा कोण हे निकालाआधी ठरवायचं कुणी? 2009 ला कोल्हापूर लोकसभेला सदाशिवराव मंडलिकांना राष्ट्रवादीनं तिकीट नाकारलं. अपक्ष उभे राहिले, तेव्हा 'मतं खाणार' म्हणून त्यांच्याकडं बोट दाखवणारे होतेच. मंडलिक 44,800 नी खासदार झाले आणि पडले ते पक्षाचे अधिकृत उमेदवार.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल काका तिसऱ्याचं वकीलपत्र घेऊन बसले. काही तिसरे खरोखर पाडतात. 2014 ला रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांच्या वर मतं मिळाली. 2024 ला साताऱ्यात शशिकांत शिंदे 32,771 नी पडले. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि नुसती तुतारी मिळालेला अपक्ष 37 हजार मतं घेऊन गेला. ही मतं कुणावर नाराज होऊन पडलेली नाहीत, घाईत चुकीच्या चित्रावर पडलेली आहेत. इथं रडणाऱ्याला रडू द्यावं.

हँडबिल छापताना प्रकाशकाचं, म्हणजे ते छापून घेणाऱ्याचं, प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 क. त्यावर त्याला ओळखणारे दोन साक्षीदार सही करतात आणि हँडबिलाच्या खाली आम्हा दोघांची नावं-पत्ते येतात. निवडणूक आयोगाला त्यातून काय मिळतं ते आयोगच जाणे, मला मात्र बरंच कळतं. एकदा एक अपक्ष आला. चप्पल झिजलेली, फोटो पासपोर्टचा, मजकूर पाठ केल्यासारखा सांगत होता. पाच हजार प्रती म्हणाला आणि पैसे रोख, आगाऊ. अपक्ष आगाऊ पैसे देतो तिथंच मी चष्मा पुसला. साक्षीदारांच्या सह्या बघितल्या तर त्यातली एक आठवड्यापूर्वी दुसऱ्याच उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रावर घेतलेली. तो उमेदवार मोठा होता, आणि आलाही. पडलेल्याची माणसं नंतर चहा पीत नेहमीचा प्रश्न विचारत होती. त्या दिवशी मी मान मनापासून हलवली.

पण अशी गाठ क्वचित पडते. बहुतेक तिसरे बाहेरून कुणी आणून सोडत नाही, ते घरातूनच निघतात. माझ्याच घरातलं सांगतो.

आमचं गाव करवीर तालुक्यात. मी शहरात राहतो, पण आमच्या घराची नावं अजून गावच्याच यादीत आहेत. काही वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि 7 मतांनी पडला. भावकीतलाच एकजण तिसरा उभा होता, त्याला 41 मतं. झालं, गावभर एकच: 41 तली 8 जरी आपल्याकडं असती तर! तो तिसरा का उभा राहिला हे कुणी बोलत नव्हतं. आधी दूध संस्थेच्या निवडणुकीत त्यानं भावासाठी घर न् घर पालथं घातलं होतं, आणि त्याच्या पोराला संस्थेत चिकटवायचा शब्द भावानं दिला होता. जागा निघाली तेव्हा दुसराच पोरगा लागला. पैरा बुडाला, आणि माणूस अर्ज भरून आला. त्या 41 जणांपैकी निम्मे तरी तो उभा नसता तर समोरच्याला मत देऊन आले असते, असं मला वाटतं. रागच तेवढा होता.

निकालाच्या रात्री मी यादी घेऊन बसलो. बूथवर बसलेल्या पोरानं आलेल्या प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं टिक केली होती. आपली म्हणून धरलेली आणि टिक नसलेली नावं मी लाल पेननं गोल केली. 19 निघाली. चार पुण्याला, ज्यांच्या गाडीचं कुणी बघितलंच नाही. एक म्हातारी, जिला न्यायला रिक्षा गेली ती साडेपाचनंतर. दोघं चक्क गावात होते, पण "आपली मतं कुठं जातायत" म्हणून भाऊ त्यांच्या दारात फिरकलाच नव्हता. कुणी हळदीला, कुणी दवाखान्यात.

भाऊ अजून सांगतो की तिसऱ्यानं पाडलं. भावकीतल्या त्या माणसाशी त्याचं आजही बोलणं नाही. ती यादी माझ्या गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि ती मी त्याला कधी दाखवलेली नाही. पुण्याच्या त्या चार नावांत दोन माझ्या पोरांची आहेत.