मे महिन्यातला कोट

"मामा, हा रेंजर," भाचा म्हणाला. व्हिडिओ गेमच्या पडद्यावर लालभडक काचांचा मुखवटा, घोट्यापर्यंत लोंबणारा कोट, हातात दांडगं रिव्हॉल्व्हर आणि मागे रखरखीत वाळवंट.

"अरे, याला उकडत नाही?"

ग्वाल्हेरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? मेमध्ये इथे पारा 45 अंशांशी खेळत असतो. भर दुपारी बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकात, जो तो डोक्या-तोंडाला साफी गुंडाळून, वर गॉगल चढवून स्कूटर हाणतो. तेव्हा आमच्या लष्कर भागात सगळे रेंजरच. डिकीत मात्र पन्ह्याची बाटली.

खेळ 2010चा, 'फॉलआउट: न्यू व्हेगास'. अणुयुद्धाला दोनशे वर्षं उलटलीत आणि अमेरिकेतल्या मोहावेच्या वाळवंटात हे रेंजर अजून गस्त घालताहेत. एका नाक्यावर तर दोन रेंजर हस्तांदोलन करताहेत असा अवाढव्य पुतळा आहे, भंगार जोडून केलेला. उद्घाटनाला कोणता मंत्री आला होता, देव जाणे.

पण या मंडळींचं मूळ आणखी जुनं, 1988च्या 'वेस्टलँड' या खेळातलं, आणि मी अडकलो तो तिथे. युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकन सैन्यातल्या इंजिनियरांची एक तुकडी वाळवंटात कोरड्या नद्यांवर पूल बांधत होती. ती वाचली, जवळच्या तुरुंगातल्या कैद्यांना हाकलून तिथेच राहिली, आणि तेच पुढे डेझर्ट रेंजर. म्हणजे मुळात बंदूकबाज नव्हेतच, बांधकामवाले! आपल्याकडच्या भाषेत पीडब्ल्यूडी.

माझे आजोबा नॅरोगेजवर कीमॅन होते. गावोगावचे लोक चाबीवाला म्हणायचे. ग्वाल्हेर–श्योपूर, रुळांमध्ये जेमतेम 2 फूट अंतर, लांबी जवळपास 200 किलोमीटर. त्यातला आपल्या वाट्याचा तुकडा रोज पायी तुडवायचा. खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरव्या झेंड्या. रुळाची चावी ढिली दिसली की दोन ठोके. सबलगडकडे बीहड, म्हणजे दऱ्याखोऱ्यांचा मुलूख, आणि बीहडात बागी, म्हणजे डाकू. भीती नाही वाटायची का, असं विचारलं की आजोबा सुपारी कातरता कातरता म्हणायचे, "मला कशाला हात लावतील? लग्नाला त्यांच्याही बायकापोरी ह्याच गाडीनं जायच्या."

2020मध्ये ती गाडी बंद झाली. आजोबा त्याआधीच गेले होते, नाहीतर गाडी नसतानाही सकाळी हातोडा उचलून निघाले असते. आईचं मत वेगळं: रात्री बाराला घरी येणाऱ्या माणसाचं कौतुक नातवांनीच करावं.

हे सगळं भाच्याला सांगितलं.

"पणजोबांकडे बंदूक नव्हतीच?"

"हातोडा होता."

त्याने थोडी शोधाशोध करून खेळात एक घण मिळवला. आता त्याचा गडी घण खांद्यावर टाकून मोहावे पालथं घालतोय. कोट मात्र उतरवायला तयार नाही.