लाल फडकं कधी टाकायचं? अमेरिकन फुटबॉलचा चॅलेंज समजून घेताना आलेला माझा अनुभव

2012 च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. आम्ही सांगलीहून मिशिगनला येऊन तीनच महिने झाले होते, डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर घर, आणि शेजारच्या आजोबांनी थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलं. (मी त्यांना आजोबाच म्हणायचे, त्यांनाही ते आवडायचं.) इथे त्या दिवशी डेट्रॉइट लायन्सची मॅच असतेच, 1934 पासूनची पद्धत आहे, त्यामुळे ताटं हातात घेऊन सगळे टीव्हीसमोर. मला खेळातलं शून्य कळत होतं.

मॅचचे चार क्वार्टर, म्हणजे चार भाग असतात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लायन्स 24-14 नी पुढे होते. समोरच्या ह्यूस्टन टीमचा जस्टिन फोर्सेट बॉल घेऊन पळाला, मध्येच पडला, गुडघा टेकला, कोपर टेकलं, ते मलासुद्धा दिसलं, पण शिट्टी वाजली नाही म्हणून तो उठला आणि थेट 81 यार्डांचा टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे नेणं, सहा पॉइंट) करून आला. लायन्सचे कोच जिम श्वार्ट्झ यांनी चिडून लाल फडकं मैदानात टाकलं, म्हणजे चॅलेंज, रेफरीचा निर्णय रिप्लेवर तपासा अशी मागणी. मला वाटलं झालं, आता रिप्ले बघतील, निर्णय फिरेल. तर उलटंच! टचडाऊन आपोआप तपासले जातातच, 2011 पासून तसा नियम होता, आणि अशा प्लेवर (प्ले म्हणजे खेळाची एक चाल) कोचने फडकं टाकलं तर पेनल्टी लागायची, वर ती तपासणीसुद्धा रद्द व्हायची. म्हणजे कोच गप्प बसले असते तर टचडाऊन रद्द झाला असता. लायन्स ओव्हरटाइममध्ये 34-31 नी हरले. आजोबा त्यानंतर जेवलेच नाहीत नीट.

मला रात्रभर चैन पडेना. पुराव्यासकट बरोबर असलेला माणूस चुकीच्या वेळी बोलला म्हणून हरतो, हे काय आहे? पुढच्या सिझनच्या आधी लीगने तो नियम बदलला, आता कोचचा एक टाइमआउट (खेळ आणि घड्याळ थांबवायची संधी) जातो पण तपासणी होते. मी मात्र त्या आठवड्यातच एक वही केली. मॅच बघताना वादाचा प्ले झाला की अनाउन्सर बोलायच्या आत टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि लिहायचं, मी कोच असते तर फडकं टाकलं असतं की नाही, आणि का.

सुरुवातीला मी सगळीकडेच 'टाकलं असतं' लिहायचे. चुकीचं दिसलं ना, मग विचारा की, असं माझं सरळ डोकं. बाबा सांगलीहून फोनवर म्हणायचे, "अगं, डीआरएससारखंच असणार, चूक वाटली की घ्यायचा रिव्ह्यू." पण तसं नाहीये. डीआरएसमध्ये चुकलं तर रिव्ह्यू जातो, इथे चॅलेंज तर जातंच, वर टाइमआउटही जातो आणि टाइमआउट एका हाफमध्ये तीनच. तीन हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण शेवटच्या मिनिटांत तुम्ही मागे असाल आणि बॉल समोरच्यांकडे असेल तर ते प्रत्येक प्लेनंतर 40-40 सेकंद आरामात जाळू शकतात, घड्याळ थांबवायचं तुमच्या हातातलं साधन म्हणजे टाइमआउट. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सहा यार्डांसाठी हट्टाने फडकं टाकायचं नाही हे मला तिथे कळलं. आणि हातात एकही टाइमआउट नसेल तर चॅलेंज करताच येत नाही.

बरं, जिंकण्यासाठी चूक झालेली असून भागत नाही, ती कॅमेऱ्यात ढळढळीत दिसावी लागते. रेफरीच्या घोषणेत 'कन्फर्म्ड' आणि 'स्टँड्स' असे दोन वेगळे शब्द येतात, मी पहिलं वर्षभर ते एकच समजत होते. कन्फर्म्ड म्हणजे व्हिडिओत दिसलं की निर्णय बरोबर होता. स्टँड्स म्हणजे फिरवण्याइतकं काही दिसलं नाही, म्हणून मैदानावरचा निर्णय कायम, आपल्या अंपायर्स कॉलच्या जवळपासचं प्रकरण. कोचचं नुकसान दोन्हीत सारखंच. म्हणून दहा जणांच्या ढिगाऱ्याखाली बॉल नक्की कुठपर्यंत पोचला यावर चॅलेंज जिंकणं फार अवघड, कारण बॉलच दिसत नाही. साइडलाइनवर कॅच घेताना बोटं आत होती की बाहेर, बॉल सुटला तेव्हा गुडघा टेकलेला होता का, हे मात्र चांगल्या अँगलमधून स्वच्छ दिसतं.

मग प्रश्न पडला, कोच मैदानाच्या कडेला उभा, त्याच्यासमोर धिप्पाड माणसं, त्याला हे सगळं दिसतं कुठून? त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. वर स्टेडियममधल्या काचेच्या खोलीत, बूथमध्ये, त्याचा असिस्टंट टीव्हीवरचे रिप्ले बघत असतो आणि हेडसेटवर सांगतो, टाक किंवा नको टाकू. आणि हे पुढचा स्नॅप व्हायच्या आत, म्हणजे बॉल मागे देऊन पुढचा प्ले सुरू व्हायच्या आत. समोरच्या टीमला हे माहीत असतं, म्हणून शंकास्पद कॅच झाला की ते धावत जाऊन पुढचा प्ले सुरू करतात. फोर्ड फील्डवर, लायन्सच्या स्टेडियममध्ये, पहिल्यांदा गेले तेव्हा मी बॉलकडे बघतच नव्हते, पाहुणी टीम घाई कधी करते तेवढंच बघत होते, त्यांची घाई हीच सगळ्यात मोठी खूण असते. बूथमधून अजून काही आलेलं नाही, रिप्ले दाखवलेला नाही, बॉल उचलला जातोय, आणि कोचचा हात खिशाकडे... त्या पाच-सात सेकंदांत जे चालतं ते टीव्हीवर कधीच पोचत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 2015 च्या जानेवारीने. प्लेऑफमध्ये लायन्स डॅलसविरुद्ध 20-17 नी पुढे, चौथा क्वार्टर. डॅलसवर पास इंटरफिअरन्सचा (पास पकडणाऱ्याला नियमाबाहेर अडवल्याचा) फ्लॅग पडला, म्हणजे पेनल्टी, तशी घोषणाही झाली, आणि मग रेफरींनी तो परत उचलला, पेनल्टी रद्द. लायन्स 24-20 नी हरले. मी वहीत मोठ्या अक्षरात 'टाका!' लिहिलं होतं, आजोबांनी मान हलवली, म्हणाले, ह्याच्यावर चॅलेंज करताच येत नाही. बहुतेक पेनल्ट्या चॅलेंजच्या बाहेरच असतात. पुढच्याच आठवड्यात तीच डॅलस टीम ग्रीन बेला, पॅकर्सविरुद्ध, फोर्थ अँड टू (चौथा, शेवटचा प्रयत्न आणि दोन यार्ड हवेत), डॅलसच्या डेझ ब्रायंटने उंच उडी मारून बॉल पकडला आणि गोल लाइनच्या अगदी जवळ पडला. मैदानावर कॅच दिला. पॅकर्सचे कोच माइक मॅकार्थी यांनी फडकं टाकलं, रिप्लेत दिसलं की जमिनीवर आपटताना बॉल हलला, तेव्हाच्या नियमाने कॅच रद्द, पॅकर्स 26-21 नी जिंकले. आठ दिवसांत दोन टीम, एकीच्या कोचकडे ओरडण्याशिवाय काही नव्हतं, दुसऱ्याच्या खिशात फडकं होतं. (पास इंटरफिअरन्स नंतर 2019 मध्ये रिव्ह्यूत आणलं, न्यू ऑर्लिअन्सच्या प्लेऑफमधल्या गोंधळानंतर, आणि एका सिझनमध्ये काढूनही टाकलं. मला तरी ते काढायला नको होतं असं वाटतं, सुधारायला हवं होतं.)

आता वहीत मी तीनच गोष्टी लिहिते: दिसतंय का, मिळणार काय, आणि टाइमआउट गेला तर चालेल का. मिळणार काय हे लिहिताना मला कायम 2010 चा सुपर बोल आठवतो, मी तो नंतर जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बघितला. न्यू ऑर्लिअन्स सेंट्सच्या लान्स मूरचं टू पॉइंट कन्व्हर्जन (टचडाऊननंतर किकऐवजी आणखी दोन पॉइंटांचा प्रयत्न) मैदानावर नाकारलं होतं, सेंट्सचे कोच शॉन पेटन यांनी चॅलेंज केलं, निर्णय फिरला, आणि आघाडी पाचची सात झाली. पाच असती तर समोरच्यांना एक टचडाऊन पुरला असता, सात झाल्यावर टचडाऊन आणि त्यानंतरची एका पॉइंटची किक दोन्ही करून फक्त बरोबरी. ह्याला म्हणतात चॅलेंज वसूल करणं.

2024 च्या मार्चमध्ये बातमी आली की तिसऱ्या चॅलेंजचा नियम बदलला. आधी पहिली दोन्ही चॅलेंज जिंकली तरच तिसरं मिळायचं, आता दोनपैकी एक जिंकलं तरी मिळतं. आणि हा प्रस्ताव मांडला होता डेट्रॉइट लायन्सनी! मला इतका आनंद झाला की ऑफिसमधूनच आजोबांना फोन लावला, ते आता मुलीकडे फ्लोरिडाला असतात. सगळं सांगितलं, प्रस्ताव आपल्या टीमचा आहे हे दोनदा सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "गुडघा टेकला होता त्याचा. तू बघितला होतास ना?"

बघितला होता, आजोबा.