वजन उतरल्यानंतरचे उपचार

वजन उतरत होतं तोवर सगळे कौतुक करत होते. खरी कसोटी लागली ती काटा एका जागी थांबल्यावर, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून हे लिहिते आहे.

लठ्ठपणासाठी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी कंबर मोजली, रक्तदाब पाहिला. साखर, थायरॉइड, यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या. झोपेत घोरता का, कुठली औषधं चालू आहेत, हेही विचारलं, कारण काही औषधांनीही वजन वाढतं. किती किलो उतरवायचं, असं मी विचारलं. "आधी आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के. तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक पडतो," ते म्हणाले.

आहार आणि चालण्याने थोडं उतरलं. मग आठवड्यातून एकदा घ्यायचं, सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन सुरू झालं. पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, पुढे टप्प्याटप्प्याने वाढ. डोस वाढला की मळमळायचं. थोडं थोडं, सावकाश खाल्लं की निभायचं. पण डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा विचार शांत झाला. जेवताना अर्ध्यातच पोट भरल्याचं कळायचं, ते मला आधी कधी कळलंच नव्हतं.

वजन स्थिरावल्यावर घरचे म्हणू लागले, आता औषध बंद कर. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनी उपचार थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला होता. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं घटतात, आणि २०११ च्या एका अभ्यासात हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते. शिवाय उतरलेलं शरीर ऊर्जाही कमी खर्च करतं. हे ऐकून मला केवढा धीर आला! 'मनावर ताबा नाही' हे इतकी वर्षं ऐकत आले होते. रक्तदाब नॉर्मल आला म्हणून कुणी त्याची गोळी आपणहून सोडत नाही. मग इथेच वेगळा न्याय का?

औषध चालू ठेवलं. बाकीचं काम माझं. वजनाबरोबर स्नायूही झडतात, म्हणून व्यायामात डंबेल्स आले आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं. सुरुवातीला खुर्चीतून हात न टेकता उठताना मांड्या थरथरायच्या. आता तेवढ्याने दमही लागत नाही. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करते आणि आठवड्याची सरासरी वहीत लिहिते. एखाद्या दिवसाच्या आकड्याला महत्त्व देत नाही, तो पाण्यानेही हलतो. सरासरी दोन किलोने चढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आहारतज्ज्ञांना फोन करायचा, हे आधीच ठरलेलं आहे. झोप बिघडली की भूक खवळते, हेही त्या वहीमुळेच लक्षात आलं.

पुढच्या भेटीत डोसबद्दल बोलायचं आहे. कमी करायचाच झाला तर एकदम नाही, आणि त्या महिन्यांत तपासणी जास्त वेळा, असं डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय.