आमची वाटचाल : डायनामोपासून ट्रॉलीच्या इंडिकेटरपर्यंत

जयसिंगपुरात वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा कामं ठरलेली होती. बॅटरी चार्जिंग, डायनामो-सेल्फची दुरुस्ती, हॉर्न. इंडिकेटरचं काम म्हणजे उडालेला बल्ब बदलून देणं, एवढंच. आज आमचं निम्म्याहून जास्त काम लाईटचं आहे, आणि ते उसामुळे आलं.

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ तालुक्यातले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. दरवर्षी माणसं जातात. वडिलांना ही गोष्ट फार लागायची, म्हणून ट्रॉलीच्या वायरिंगचं काम कितीही कटकटीचं असलं तरी त्यांनी ते कधी परत पाठवलं नाही.

कटकट खरंच असते. साधा 21 वॅटचा बल्ब शेतातल्या चरीतून दोन खेपा करतो न करतो तोच त्याची तार तुटते. बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत वायर लांब, वाटेत व्होल्टेज पडतं आणि शेवटचा दिवा मिणमिणतो. एलईडी आल्यावर हे चित्र पालटलं. तेवढंच काम दोन-तीन वॅटमध्ये होतं, आणि तुटायला तार नाही. ब्रेक लाईटला आणखी एक फायदा मिळतो. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजळायला साधारण 0.2 सेकंद घेतो, एलईडी लगेच लागते. ताशी 60 किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे आलेली असते.

ट्रॉलीची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, बहुतेक जण हुकातून घेतात. हुकाच्या पिनेला गंज चढला की ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लुकलुकतो. आम्ही अर्थची स्वतंत्र वायर ओढतो. दुसरी गोष्ट, ऊस ट्रॉलीच्या मागे बाहेर येतो आणि त्याची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे, लोंबून दिवे झाकतात. म्हणून आमचे दिवे बाहेर सरकवता येणाऱ्या पट्टीवर असतात. भरणी झाली की पट्टी ओढायची.

ट्रॅक्टरचेही सगळे बल्ब काढून एलईडी टाकले की जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, गोंधळतो. तो लोडवर चालतो. लोड कमी दिसला की बल्ब उडाला असं समजून भराभर लुकलुकतो. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळाच लुकलुकला पाहिजे. यावर स्वस्त उपाय म्हणजे लोड वाढवायला रेझिस्टर जोडणं. पण 12 व्होल्टवर 6 ओहमचा रेझिस्टर 24 वॅट नुसता तापण्यात घालवतो. शेजारी वाळलं पाचट असताना हे आम्हाला पटत नाही. आम्ही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच बसवतो, चार पैसे जास्त लागले तरी.

‘एलईडी बेकायदा आहे का हो?’ हे रोज विचारलं जातं. एलईडी म्हणून बेकायदा नाही. कंपनीतून कितीतरी गाड्या एलईडीच घेऊन येतात. प्रश्न रंगाचा, झोताचा आणि मंजूर रचनेचा असतो. इंडिकेटर पिवळा-नारिंगी, मागची लाईट लाल. हॅलोजनच्या हेडलाईटमधला आरसा त्या बल्बच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी बल्ब घातला की बहुधा झोत फाटतो, आणि डिपर मारूनही समोरच्याचे डोळे दिपतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकावर 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

लाल-निळे फ्लॅश, रंगीत हेडलाईट, डोळ्यांवर येणारे बार लाईट घेऊन पोरं येतात. आम्ही बसवत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे दिसतं आणि खिशालाही जाणवतं. पण समोरून येणारा माणूसही आपल्याच भागातला असतो.

सध्या दोन्ही भाऊ आणि तीन कारागीर मिळून काम पाहतो. बाजूला पिवळी, मागे लाल परावर्तक पट्टी प्रत्येक ट्रॉलीला लावतोच, तिचे वेगळे पैसे घेत नाही. दसरा ते दिवाळी फक्त ट्रॉल्यांची कामं घेतो. हंगामात रात्री लाईट बंद पडली तर फोन करा, कारखान्याच्या यार्डात येऊन दुरुस्त करून देतो.